परवानगी नाकारली: अकरा सर्व्हर आणि साडेचार महिने

दूरच्या विंडोज सर्व्हरची रोजची तपासणी पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या साधनाच्या, स्क्रिप्टने रात्री आपोआप व्हावी आणि सकाळी तिचा अहवाल टेबलावर असावा, एवढेच आमचे काम होते. ते १० मार्च २०२५ रोजी सुरू झाले आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी पूर्ण झाले. मधल्या काळात 'ॲक्सेस इज डिनाइड', म्हणजे 'परवानगी नाकारली', हे वाक्य मी असंख्य वेळा वाचले आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागचे कारण वेगळे निघाले. शोधल्यावर एकेका अडचणीचे उत्तर मिळत असे. पण हा नकार नेमका कोणत्या दारावर मिळतो आहे हे कसे ओळखायचे, आणि एक दार उघडल्यावर पुढे कोणते येणार, हे सलग कुठे वाचायला मिळाले नाही. म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

मी जळगावच्या एका खासगी व्यापारी समूहाच्या संगणक विभागात काम करते. डाळ मिल, शीतगृहे, केळीची खरेदी आणि वाहतूक असे समूहाचे व्यवहार आहेत. विभागात मी आणि एक कनिष्ठ सहकारी, असे आम्ही दोघेच. सर्व्हर मात्र अकरा: जळगावात चार, भुसावळला दोन आणि रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा येथे प्रत्येकी एक. दर रविवारी आम्ही प्रत्येक सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने शिरून डिस्कवरील जागा, बॅकअप आणि बंद पडलेल्या सेवा पाहत असू, आणि त्यात चार-पाच तास जात. एवढे करूनही मे महिन्यातल्या वादळात रावेरची वीज गेली आणि परत आल्यावर एखादी सेवा सुरू झाली नाही, तर ते सोमवारी सकाळी केळीच्या गाड्या काट्यावर उभ्या राहून पावत्या निघेनाशा झाल्यावरच कळत असे.

फेब्रुवारीतील अंतर्गत लेखापरीक्षणात दोन आक्षेप निघाले. बॅकअप तपासल्याची लेखी नोंद नाही, हा पहिला. दुसरा अधिक गंभीर होता: आधीच्या बाहेरच्या कंत्राटदाराने सगळीकडे एकच डोमेन ॲडमिन खाते (डोमेन म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांचा समूह; त्यातील प्रत्येकावर या खात्याची सत्ता चालते) वापरले होते, आणि त्याचा पासवर्ड कंत्राट संपल्यानंतरही बदललेला नव्हता. दोन्ही आक्षेपांची पूर्तता ३१ जुलैपर्यंत करायची होती. साहेबांनी विचारले, "स्क्रिप्ट लिहायला किती दिवस लागतील?" मी दोन आठवडे सांगितले. स्क्रिप्ट खरोखरच दोन आठवड्यांत लिहून झाली. उरलेले चार महिने परवानग्यांना लागले.

रचना साधी ठरवली होती. जळगावातील एक सर्व्हर व्यवस्थापनासाठी ठेवायचा. रात्री दोन वाजता त्याने पॉवरशेल रिमोटिंगने, म्हणजे दुरून आज्ञा चालवण्याच्या सोयीने, बाकीच्यांना पाच गोष्टी विचारायच्या: डिस्कवरील मोकळी जागा, शेवटच्या बॅकअपचा निकाल, बंद असलेल्या सेवा, रीस्टार्ट बाकी आहे का, आणि इव्हेंट लॉगमधील, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या वहीतील, त्रुटी. ठरवून दिलेल्या दोन सेवा बंद आढळल्या तर त्या सुरू करायच्या. हे सारे डोमेन ॲडमिन खात्याशिवाय करायचे, ही अट मी स्वतःच लेखी प्रस्तावात घातली. कारण जे खाते अकरा सर्व्हरांवर काहीही करू शकते, त्याचा पासवर्ड एका स्क्रिप्टच्या हाती देणे म्हणजे आक्षेप दूर न करता त्याला नवे नाव देणे होते.

पहिला प्रयोग भुसावळवर केला, कारण ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि काही बिघडलेच तर तासाभरात तिथे पोहोचता येते. 'टेस्ट-डब्ल्यूएसमॅन' ही आज्ञा दिली, उत्तर व्यवस्थित आले आणि मला मनापासून आनंद झाला. लगेच 'एंटर-पीएसएसेशन', म्हणजे आत शिरण्याची आज्ञा, दिली आणि पहिला नकार आला. इथे मी जे दोन दिवसांनी शिकले ते आधीच सांगते: ती पहिली आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, ओळख न देताच विचारणा करते. उत्तरात ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीच्या जागी '०.०.०' दिसले, तर समजावे की पलीकडे विनआरएम, म्हणजे रिमोटिंग जिच्यावर चालते ती सेवा, ऐकते आहे, एवढेच सिद्ध झाले. आपल्याला आत घेतले जाईल की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्याचप्रमाणे 'कनेक्ट होऊ शकत नाही' आणि 'परवानगी नाही' हे दोन संदेश सुरुवातीलाच वेगळे करावेत. पहिला आला तर पोर्ट ५९८५ (विनआरएमचा जोडणी-क्रमांक), फायरवॉल आणि नाव-पत्ता पाहावा. दुसरा आला तर दार सापडलेले आहे आणि प्रश्न ओळखीचा किंवा हक्काचा आहे.

माझे नवे खाते डोमेनमधील साधे खाते होते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून रिमोटिंग आपोआप सुरू असते, पण आत प्रवेश मिळतो तो ॲडमिनिस्ट्रेटर्स किंवा रिमोट मॅनेजमेंट युजर्स या गटांतील खात्यांनाच. मी खाते दुसऱ्या गटात टाकले. जळगावचे सर्व्हर लगेच उघडले. भुसावळचा मात्र नाहीच म्हणत राहिला. तिथे मी सर्वांत मोठी चूक केली: पलीकडचा सुरक्षा लॉग न पाहता अलीकडच्या संगणकावर दोन दिवस सेटिंगे बदलत बसले. नकार देणारा सर्व्हर कारण स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो, विचारणाऱ्याला सांगत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. तिथल्या सुरक्षा लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदींत लॉगऑनचा प्रकार ३, म्हणजे नेटवर्कवरून, आणि स्थितीचा क्रमांक 'सी००००१५बी' होता. त्याचा अर्थ, पासवर्ड बरोबर आहे, खाते अस्तित्वात आहे, पण या खात्याला या संगणकावर या प्रकारे लॉगऑन करण्याचा हक्क दिलेला नाही. 'नेटवर्कवरून या संगणकात प्रवेश' हा हक्क कंत्राटदाराने भुसावळसाठी केलेल्या एका ग्रुप पॉलिसीत, म्हणजे डोमेनमधून संगणकांना लागू होणाऱ्या नियमावलीत, फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना ठेवला होता. ते वाईट केले असे मी म्हणणार नाही; नोंद ठेवली नाही, हे वाईट. पॉलिसी बदलण्यासाठी एक पानी अर्ज, साहेबांची सही आणि लेखा प्रमुखांची सही लागली, आणि मधे धुळवड व शनिवार-रविवार आल्यामुळे त्यात आठवडा गेला.

१९ मार्चला आत शिरले आणि लगेच पुढचे दार लागले. 'गेट-सर्व्हिस' ही सेवांची यादी मागणारी आज्ञा दिल्यावर सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर, म्हणजे सेवा सांभाळणारा विंडोजचा भाग, उघडता येत नाही, असे उत्तर आले. मला हे अजिबात समजेना, कारण त्याच खात्याने त्याच सर्व्हरसमोर बसले की सेवांची यादी नीट दिसत होती. याचे कारण समजले तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची स्वतःची परवानग्यांची यादी असते. तीत समोर बसून लॉगऑन केलेल्या खात्याला सेवांची यादी वाचता येते, पण नेटवर्कवरून आलेल्या साध्या खात्याला फक्त जोडणीपुरती मुभा असते. म्हणजे खाते तेच, पासवर्ड तोच, गट तेच. तरीही आपण कोणत्या वाटेने आलो यावर आपले टोकन, म्हणजे आत आल्यावर मिळणारे ओळख आणि अधिकारांचे पत्र, ठरते आणि टोकनावर काय दिसेल ते ठरते. त्यानंतर मी प्रत्येक नकारापाशी आधी तीन गोष्टी कागदावर लिहू लागले: कोणत्या नावाने आले, कोणत्या प्रकारच्या लॉगऑनने आले आणि अडवले ते नेमके कोणी. दूरच्या सेशनमध्ये 'हूॲमआय' ही आज्ञा 'ग्रुप्स' या पर्यायासह दिली की यातील पहिल्या दोहोंचे उत्तर बरेचसे मिळते.

सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची यादी बदलता येते. पण ती बदलणारी आज्ञा जुनी यादी पुसून नवी लिहिते, जुन्यात भर घालत नाही. त्यामुळे आधीची यादी वाचून जपून ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये. मी लावलाच नाही. अकरा ठिकाणी अशा बारीक गाठी मारत बसलो, तर दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला त्या सोडवता येणार नाहीत, असे वाटले. इव्हेंट लॉगसाठी मात्र वेगळा तयार गट आहे, इव्हेंट लॉग रीडर्स, आणि त्याचा उपयोग झाला. सेवांसाठी मी तात्पुरता मार्ग घेतला: खाते त्या त्या सर्व्हरच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकले. 'तात्पुरते, ३० जूनपर्यंत' असे नोंदवहीत तारखेसह लिहून साहेबांची सही घेतली, कारण तारीख न घातलेली तात्पुरती परवानगी कायमची होते, हे मी याआधी पाहिले होते. इथे तारीखही पुढे तीन आठवड्यांनी लांबली.

याच काळात घरी एक छोटी प्रयोगशाळा उभारली. जुन्या संगणकात २,९०० रुपयांची मेमरी घातली, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मोफत मूल्यमापन आवृत्ती उतरवली आणि तीन आभासी सर्व्हर तयार केले. संपूर्ण कामात माझ्या दृष्टीने सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच. चालू सर्व्हरवर प्रयोग करताना हात थरथरत होते. घरच्या सर्व्हरवर निर्धास्तपणे मोडतोड करता आली.

एप्रिलमध्ये तीन परकी घरे पुढे आली. शिरपूर, शहादा आणि चोपडा येथील सर्व्हर समूहाने नंतर विकत घेतलेल्या युनिटांसोबत आले होते. ते डोमेनमध्ये नव्हते, नुसत्या वर्कग्रुपमध्ये होते. डोमेन नसेल तर कर्बेरॉस, म्हणजे तिकिटे देऊन ओळख पटवण्याची डोमेनची पद्धत, नाही, आणि कर्बेरॉस नसेल तर विनआरएम पलीकडचा सर्व्हर खरोखर तोच आहे याची खात्री करू शकत नाही. म्हणून तो एकतर एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर, पोर्ट ५९८६ वर, बोला म्हणतो किंवा पलीकडच्या सर्व्हरचे नाव ट्रस्टेड होस्ट्स, म्हणजे विश्वासातल्या सर्व्हरांच्या, यादीत घाला म्हणतो. मी ही यादी दोन दिवस शिरपूरच्या सर्व्हरवर भरत होते. ती भरायची असते जिथून आपण जोडणी करतो त्या संगणकावर, कारण विश्वास ठेवणारे आपण असतो. शिवाय दुसरे नाव घालताना पहिले पुसले जाते. जुन्यात भर घालायची असेल तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

यादी बरोबर भरली तरी शिरपूरने नाकारलेच. तिथले खाते स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात होते, पासवर्ड तपासला होता. या वेळी सुरक्षा लॉग आधी पाहिला आणि त्यात लॉगऑन यशस्वी झाल्याची नोंद होती, म्हणजे अडवणूक त्याच्यापुढे होती. हा यूएसीचा, म्हणजे ॲडमिनचे अधिकार आपोआप वापरले जाऊ नयेत यासाठी विंडोजने ठेवलेल्या संरक्षणाचा, भाग आहे. विंडोजमध्ये मूळचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते सोडून दुसरे स्थानिक खाते नेटवर्कवरून आले, तर त्याच्या टोकनातून ॲडमिनचे अधिकार गाळले जातात. डोमेन खात्यांना हा नियम लागू होत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, 'लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी' या नोंदीला १ ही किंमत दिली की गाळणे थांबते आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच करून पुढे जायला सांगितलेले असते. पण तो नियम मुद्दाम केलेला आहे: अनेक संगणकांवर एकच स्थानिक पासवर्ड असेल, तर एका संगणकातून चोरलेली ओळख दुसरीकडे चालू नये, यासाठी. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी एकच पासवर्ड होता. आधी तिन्ही पासवर्ड वेगळे केले, मगच ती नोंद केली आणि तीही 'तात्पुरते' या रकान्यात लिहिली.

जळगावातच एका सर्व्हरने निराळाच प्रश्न घातला. त्यावर आमचे गाडी-नोंदणीचे वेब सॉफ्टवेअर चालते. तिथे 'ॲक्सेस इज डिनाइड' नव्हे, तर कर्बेरॉसची अज्ञात सुरक्षा त्रुटी, क्रमांक ०एक्स८००९०३२२, असे येई. कारण सांगायला सोपे आहे, शोधायला पाच दिवस लागले. कर्बेरॉसचे तिकीट सेवेच्या नावावर निघते आणि विनआरएम तिकीट मागतो ते 'एचटीटीपी' या सेवेच्या नावाने. सॉफ्टवेअर बसवताना पुरवठादाराने हेच नाव आपल्या सेवा-खात्याकडे, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या खात्याने चालते त्याच्याकडे, नोंदवून ठेवले होते. त्यामुळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, तिकीट त्या खात्याच्या कुलपाचे देई आणि ते उघडायला विनआरएमकडे किल्लीच नसे. 'सेटएसपीएन' आज्ञेने ते नाव कोणाकडे आहे हे शोधल्यावर चित्र स्पष्ट झाले. नोंद काढावी, तर सॉफ्टवेअर बंद पडेल. पुरवठादाराचे लेखी उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि ती नोंद हवीच, असे त्यात होते. मग पोर्टसह वेगळे नाव सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याकडे नोंदवले आणि जोडणी करताना सेवेच्या नावात पोर्ट धरण्याचा पर्याय दिला. तेव्हापासून दोन्ही सुखाने चालले आहेत.

रावेरची गोष्ट परवानगीची नसून तशी भासणारी होती. सर्व्हर काही दिवस बोले, काही दिवस गप्प राही. वीज जाऊन सर्व्हर उठताना जळगावशी जोडणी उशिरा येई, डोमेन कंट्रोलर सापडत नसे आणि विंडोज त्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून बसे. तशा नेटवर्कवर फायरवॉलचा मूळ नियम विनआरएमला फक्त त्याच सबनेटमधून, म्हणजे त्याच स्थानिक जाळ्यातून, येऊ देतो. ग्रुप पॉलिसीत व्यवस्थापन सर्व्हरच्या एकाच पत्त्याला सर्व प्रोफाइलांवर परवानगी देणारा नियम केला आणि रावेर शांत झाले.

त्यानंतर अहवाल एकत्र करण्याचे काम घेतले आणि जे सर्वांना कधी ना कधी गाठतेच ते मलाही गाठले. स्क्रिप्ट रावेरमध्ये चाले, तिथली बॅकअपची फाईल जळगावच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायला जाई आणि तिथे नकार येई. रिमोट डेस्कटॉपने रावेरमध्ये शिरून तीच आज्ञा दिली, तर फाईल जाई. याला डबल हॉप म्हणतात. जळगावहून रावेरला जाताना माझी ओळख पटवली जाते, पण माझा पासवर्ड किंवा पुढे वापरता येईल असे तिकीट रावेरला दिले जात नाही. त्यामुळे रावेर माझ्या वतीने तिसऱ्या सर्व्हरकडे जाऊ शकत नाही. मार्केट यार्डात एका फाटकावर दाखवून आत आलेला पास दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन पुढच्या फाटकावर चालत नाही, तसेच. क्रेडएसएसपी ही ओळख पुढे पाठवण्याची पद्धत सुरू केली की प्रश्न पाच मिनिटांत मिटतो, पण त्यात आपली ओळख अख्खीच पलीकडच्या सर्व्हरच्या स्वाधीन होते. तो सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तर आपण गेलो. सर्व्हर २०१२ पासून सांगता येते की, अमुक सर्व्हरला तमुक सर्व्हरकडे कोणाच्याही वतीने येऊ द्यावे; हे मी घरच्या प्रयोगशाळेत करून पाहिले आणि चाललेही. शेवटी मात्र दिशा उलटी केली. रावेरने फाईल ढकलण्याऐवजी माहिती 'इन्व्होक-कमांड'च्या उत्तरातच जळगावला परत द्यावी आणि फाईल जळगावने स्वतःच्या हाताने लिहावी. दुसरी उडी उरलीच नाही. परवानगी मिळवण्याआधी ती लागतेच का, हा प्रश्न मला तीन दिवस आधी सुचायला हवा होता.

२९ एप्रिलच्या रात्री पहिल्यांदा पूर्ण काम टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला, दिले. त्याआधी एक अडथळा पार केला होता: काम सुरूच होत नव्हते आणि इतिहासात '२१४७९४३७८५' हा क्रमांक दिसे. भुसावळचाच भाऊ, तिथे नेटवर्कवरून येण्याचा हक्क नव्हता, इथे 'बॅच जॉब म्हणून लॉगऑन' हा हक्क नव्हता. स्थानिक धोरणात तो देण्याचे बटण निष्क्रिय होते, म्हणजे ग्रुप पॉलिसी वरून ठरवत होती. कोणती, हे 'जीपीरिझल्ट'च्या अहवालात मिळाले. पुन्हा अर्ज, पुन्हा दोन सह्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. माहेरी अंगणात मुली झोक्यावर होत्या, आमरस आणि खापरावरचे मांडे झाले होते, आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर अहवाल उघडला. आठ सर्व्हरांच्या ओळी भरलेल्या होत्या. शिरपूर, शहादा, चोपडा कोरे. त्या तिघांचे पासवर्ड मी पॉवरशेलच्या कूटबद्ध फाईलमध्ये ठेवले होते, आणि ती फाईल मी माझ्या खात्याने केली होती. काम मात्र सेवा-खात्याने चालत होते. ही फाईल ज्या खात्याने आणि ज्या संगणकावर केली, तिथेच त्याच खात्याने उघडते. आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी ठेव गं तो फोन." मी ठेवला, पण आठ ओळी आल्या याचा आनंद दिवसभर मनात होता.

फाईल सेवा-खात्याने पुन्हा करता आली असती. पण तीन सर्व्हरांसाठी वेगळे पासवर्ड, वेगळी यादी, रजिस्ट्रीतील सवलत, हे सगळे सांभाळण्यापेक्षा त्यांना डोमेनमध्ये आणावे, असा प्रस्ताव मी दिला आणि १४ मे रोजी तो मंजूर झाला. १७ मे, शनिवार, पहाटे पाचला निघून चोपडा, शिरपूर, शहादा अशी फेरी केली. गाडीभाडे ४,८०० रुपये झाले. दुपारच्या उन्हात शहाद्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत सर्व्हर आणि आम्ही दोघेही तापलो होतो. शहाद्याला डोमेनमध्ये घेतल्यावरही कर्बेरॉस चालेना. त्याचे घड्याळ सात मिनिटे मागे होते आणि पाच मिनिटांहून अधिक फरक कर्बेरॉस खपवून घेत नाही. घड्याळ कंट्रोलरशी जुळवले आणि लगेच तिकीट मिळाले. परत आल्यावर ट्रस्टेड होस्ट्सची यादी रिकामी केली, रजिस्ट्रीतील नोंद काढली आणि नोंदवहीतील दोन तात्पुरत्या ओळींवर 'रद्द' लिहिले.

जूनमध्ये सेवा-खात्याचा पासवर्डच माणसांच्या हातून काढून घेतला. ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट या प्रकारच्या खात्याचा पासवर्ड डोमेन स्वतः ठेवतो आणि मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी बदलतो. तो आम्हालाही माहीत नसतो. त्यासाठी डोमेनमध्ये एकदा मूळ किल्ली तयार करावी लागते आणि ती सर्व कंट्रोलरांपर्यंत पोहोचावी म्हणून वापरण्याआधी दहा तास थांबावे लागते. मी ती संध्याकाळी केली आणि घरी गेले. सकाळी खाते तयार झाले, पण व्यवस्थापन सर्व्हरला त्याचा पासवर्ड मिळेना, कारण पासवर्ड घेण्याची परवानगी मी गटाला दिली होती आणि सर्व्हरला त्या गटात नुकतेच घातले होते. संगणकाचेही तिकीट असते. गटातील बदल त्यात दिसण्यासाठी १५ जूनच्या रविवारी सर्व्हर रीस्टार्ट केला. असे खाते कामाला जोडताना टास्क शेड्युलरची खिडकी पासवर्ड मागत बसते, म्हणून ते पॉवरशेलच्या आज्ञेनेच जोडावे.

मग उरले ते स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातून बाहेर पडणे. यासाठी जेईए, म्हणजे 'जस्ट इनफ ॲडमिनिस्ट्रेशन', वापरले. प्रत्येक सर्व्हरवर एक वेगळे प्रवेशद्वार तयार करायचे, त्यातून ठरलेल्या आज्ञाच चालतील. आत काम करणारे आभासी खाते ॲडमिनचे असते, पण येणाऱ्याला त्याच्या सगळ्या अधिकारांचा स्पर्श होत नाही, आणि प्रत्येक सेशनचा उतारा नोंदवून ठेवता येतो. दोन ठिकाणी अडले. भूमिकेची फाईल मॉड्यूलच्या आतील 'रोलकेपॅबिलिटीज' नावाच्या फोल्डरमध्येच असावी लागते. नोंदणी करताना चूक दिसत नाही, जोडणी करताना भूमिका सापडत नाही असे कळते. दुसरे म्हणजे तिथे पॉवरशेलची भाषा बंद असते. चल, अटी, लूप असलेली माझी स्क्रिप्ट वाक्यरचना मान्य नाही म्हणून परत आली. पाचही तपासण्या मॉड्यूलमध्ये फंक्शन म्हणून लिहिल्या आणि बाहेरून फक्त त्यांची नावे घेतली. भुसावळचा एक सर्व्हर २०१२ आर२ चा आहे, त्याला आधी डब्ल्यूएमएफ ५.१, म्हणजे पॉवरशेलची नवी आवृत्ती असलेला संच, बसवावा लागला. सर्व्हर २०१२ आर२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजीच संपलेला असल्याने नव्या सर्व्हरची मागणीही त्याच अर्जासोबत दिली.

अमळनेरला नोंदणी दुरून केली आणि सेशन तुटले. नोंदणीनंतर विनआरएम पुन्हा सुरू होतो, म्हणून ते तुटणारच होते, पण मला ते माहीत नव्हते आणि मी घाबरून तिथल्या आप्पांना फोन केला. आप्पा गोदाम सांभाळतात आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. "काय व्हयनं ताई, आज बी नही चालनं का?" त्यांनी विचारले. मी त्यांना खोली उघडून दिवे पाहायला सांगितले. ते पोहोचेपर्यंत सेशन पुन्हा लागले होते. आता असे काम मी फोन हाती घेऊनच आणि आधी पूर्वकल्पना देऊन करते.

२१ जुलैला सेवा-खाते सर्व सर्व्हरांच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातून काढले आणि रात्रीचे काम फक्त जेईएवर चालू लागले. आठवडाभर अकराही ओळी आल्या. २८ जुलैला साहेबांसमोर जुन्या डोमेन ॲडमिन खात्याचा पासवर्ड बदलला. त्या रात्री चोपड्याला पाऊस होता, वीज जाऊन आली आणि सकाळच्या अहवालात तिथली एक सेवा बंद दिसली. इव्हेंट लॉगमध्ये ७०३८ क्रमांकाची नोंद होती, म्हणजे सेवेला तिच्या खात्याने लॉगऑन करता आले नव्हते. कंत्राटदाराने छपाईची ती सेवा त्याच जुन्या खात्यावर चालवली होती आणि ते कोणत्याही कागदावर नव्हते. ३० जुलैला तिच्यासाठी स्वतंत्र खाते केले, फक्त तिला लागणाऱ्या फोल्डरची परवानगी दिली आणि नोंदवहीत लिहिले. ३१ जुलैच्या सकाळचा अहवाल छापून लेखापरीक्षकांच्या फाईलला लावला. त्यात शहाद्याच्या डिस्कवर २२ टक्के जागा उरल्याचा इशारा होता, आणि त्या दिवशी पहिले काम मी तेच घेतले.